आपटलेले पिक्चर आणि रेडिओवर न वाजलेली गाणी

नमस्कार मंडळी. साडेदहा वाजून गेलेत, जेवणं उरकली असतील, ज्यांना सकाळी सहाची लोकल किंवा कंपनीची बस पकडायचीय ते केव्हाच झोपले असतील, म्हणजे आता जे कोण जागे आहेत ते आपलेच लोक. आज कल्ट पिक्चरबद्दल बोलायचंय आणि अल्टरनेटिव्ह रॉकबद्दल पण, एकाच दमात, कारण माझ्या डोक्यात हे दोन विषय कधी वेगळे झालेच नाहीत. मी काही समीक्षक नाही, नुसती फॅन आहे, त्यामुळे मतं फॅनची आहेत, पटली तर घ्या नाहीतर राहू द्या.

आधी थोडी कुरकुर करून घेते. हल्ली पिक्चर लागून पंधरा दिवस होत नाहीत तोवर पोस्टरवर 'कल्ट' छापून मोकळे! अरे बाबा, शो हाऊसफुल जातायत, हिरो सगळीकडे मुलाखती देत फिरतोय, मग कल्ट कसला, हिट म्हणा की सरळ. माझा हिशोब असाय की कल्ट व्हायला पिक्चर आधी नीट आपटावा लागतो, थेटरवाल्याने आठवड्यात उतरवलेला, कंपनीने हात वर केलेले, पेपरवाल्यांनी वाट लावलेली, आणि तरीपण कुणीतरी एक येडा चार मित्रांना ओढून परत बघायला घेऊन गेलेला. बनवणाऱ्यांनी सोडून दिला आणि बघणाऱ्यांनी दत्तक घेतला तो कल्ट, बास. अल्टरनेटिव्ह रॉकचं पण तेच, ऐंशीच्या दशकात अमेरिकेत मोठी रेडिओ स्टेशनं ह्या बँडांना दारात उभं करत नव्हती, मग विद्यार्थ्यांनी चालवलेली कॉलेजातली छोटी स्टेशनं होती त्यांनी ही गाणी वाजवली, तेव्हा त्याला लोक कॉलेज रॉकच म्हणायचे. आर.ई.एम.सारखा जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स गावचा बँड आधी असाच कानोकानी पसरला. म्हणजे थेटराने टाकलेले पिक्चर आणि रेडिओने टाकलेली गाणी, ह्या दोघांचं एकमेकांशी जमणारच होतं. कधी गाण्याने पिक्चर वाचवला, कधी पिक्चरने बँड, तेच आज सांगायचंय.

ह्याची सुरुवात शोधायला गेलं तर न्यूयॉर्कला जावं लागतं. तिथं एल्गिन नावाचं जुनं थेटर होतं, आज त्याच इमारतीत जॉयस थिएटर आहे, नाचाचे कार्यक्रम होतात. १९७० च्या डिसेंबरमध्ये एल्गिनच्या बेन बॅरेनहोल्ट्झने अलेहांद्रो होदोरोव्स्कीचा 'एल तोपो' रात्री बाराला लावायला सुरुवात केली, म्हणजे काळ्या कपड्यातला घोडेस्वार, सोबत उघडा पोरगा, वाळवंट, रक्त, साधू, सगळंच. जाहिरात जवळपास नाही आणि तरी महिनोनमहिने गर्दी. बीटल्सवाल्या जॉन लेननला तो इतका आवडला की त्याच्या मॅनेजरने, ॲलन क्लाइनने, हक्कच विकत घेतले, आणि मग क्लाइनचं आणि होदोरोव्स्कीचं असं काही फाटलं की पिक्चर कितीतरी वर्षं धड कुठे बघायलाच मिळेना. माझं मत विचाराल तर अर्धा पिक्चर डोक्यावरून जातो आणि उरलेल्या अर्ध्यात अंगावर येतो. एकदा बघावा. दुसऱ्यांदा बघणाऱ्यांना माझा नमस्कार.

मग 'रॉकी हॉरर पिक्चर शो'. १९७५ ला आला, पडला, आणि १९७६ च्या एप्रिलपासून न्यूयॉर्कच्याच वेव्हर्ली थेटरात मध्यरात्रीचे शो लागले. तिथं लोक पडद्याशी बोलायला लागले राव! लग्नाचा सीन आला की तांदूळ उधळायचे, पावसाचा सीन आला की एकजण पाण्याची पिचकारी मारणार आणि बाकीचे डोक्यावर पेपर धरणार, पडद्यावर कुणी ग्लास उचलून टोस्ट म्हटलं की खरोखरचे भाजलेले पावाचे तुकडे हवेत. थेटर झाडणाऱ्या माणसाचं काय होत असेल हा विचार माझ्या मनात कायम येतो. आता आपल्या लोकांना ह्याचं नवल वाटायचं कारण नाही, संगीत नाटकात वन्स मोअर देऊन देऊन रात्रीचं नाटक पहाटेपर्यंत खेचणारे आपणच ना, आणि 'अशी ही बनवाबनवी' टीव्हीवर लागला की धनंजय मानेंचा पत्ता विचारायच्या आधीच अख्खं घर तो डायलॉग म्हणून मोकळं होतं. फक्त 'बनवाबनवी' १९८८ ला चांगला चालला होता, म्हणून माझ्या नियमात तो कल्ट बसत नाही, ह्यावर मला शिव्या पडणार आहेत ते माहितीय. आणि अजून एक पाप आत्ताच कबूल करून टाकते, 'रॉकी हॉरर' एकटीने लॅपटॉपवर बघितला तर चक्क कंटाळा येतो. गाणी झकास आहेत, टिम करी तर कमालच, पण मधे मधे जी भोकं आहेत ती प्रेक्षकांनी आरडाओरडा करून भरायची आहेत, आणि घरात एकटं बसून कुणावर तांदूळ फेकणार?

आता माझ्या लाडक्यावर येते. 'रेपो मॅन', १९८४, दिग्दर्शक ॲलेक्स कॉक्स, इंग्लंडचा माणूस, लॉस एंजेलिसला शिकायला गेलेला. रेपो मॅन म्हणजे हप्ते थकवलेल्या लोकांच्या गाड्या उचलून आणणारा, आपल्याकडे फायनान्सवाले वसुलीला पोरं पाठवतात ना, तोच धंदा. ओटो नावाचं एक पंक, म्हणजे कर्कश, झटपट रॉकच्या नादातलं पोरगं सुपरमार्केटमध्ये डबे रचत असतं, नोकरी जाते, आणि हॅरी डीन स्टँटन त्याला ह्या धंद्यात ओढतो. सोबत एक शेवरोले मॅलिबू गाडी आहे जिची डिकी कुणी उघडली की पांढरा लख्ख उजेड आणि माणूस गायब, एका पोलिसाचे तर नुसते बूट उरतात रस्त्यावर, धूर निघणारे. का, कसं, ते विचारायचं नाही. आता तुम्ही बघाल तेव्हा मागची फळी बघा. दुकानातल्या सगळ्या वस्तू पांढऱ्या डब्यात, निळी पट्टी, आणि त्यावर नुसतं लिहिलंय 'फूड'. दुसऱ्यावर 'बिअर'. कुठला ब्रँड नाही, काही नाही. आणि एका सीनमध्ये ओटो घरी येऊन तो 'फूड' लिहिलेला डबा उघडून चमच्याने खातो, आईबाप सोफ्यावर बसून टीव्हीवरच्या धर्मगुरूकडे बघतायत, मान वळवून पोराकडे नीट बघत पण नाहीत. रेगनच्या काळातली अमेरिका ह्या एका डब्यात आलीय असं मला वाटतं, भाषण नाही, काही नाही, नुसता डबा. कॅमेरा रॉबी म्युलरचा, आणि गंमत बघा, त्याच वर्षी त्याच म्युलरने त्याच हॅरी डीन स्टँटनला घेऊन विम वेंडर्ससाठी 'पॅरिस, टेक्सास' शूट केला, त्याला कान फिल्म फेस्टिव्हलला सर्वात मोठं बक्षीस. इकडे 'रेपो मॅन'ला काय, तर युनिव्हर्सल स्टुडिओने थोडे दिवस लावला आणि गुपचूप उतरवला.

इथं गाणी मधे पडली. साउंडट्रॅकची रेकॉर्ड निघाली होती, टायटलचं गाणं इगी पॉपचं, त्यात गिटारवर सेक्स पिस्टल्सचा स्टीव्ह जोन्स, बाकी ब्लॅक फ्लॅग, सर्कल जर्क्स, सुइसायडल टेंडन्सीज, फिअर, म्हणजे लॉस एंजेलिसच्या पंक लोकांची अख्खी पंगतच, आणि पार्श्वसंगीत प्लग्झ नावाच्या तिथल्याच मेक्सिकन मुळांच्या बँडचं. पिक्चर थेटरात नाही पण रेकॉर्ड दुकानात खपतेय, खपतच चाललीय, तेव्हा कुठं स्टुडिओच्या डोक्यात प्रकाश पडला की अरेच्चा, हे घेतंय कोण, आणि पिक्चर परत लावला. रेकॉर्ड घेणारी ती पंक पोरं नसती तर 'रेपो मॅन' आज कुठल्यातरी गोदामात धूळ खात पडला असता. पुढं टीव्हीसाठी शिव्या काढून टाकायची वेळ आली तेव्हा कॉक्सने त्या जागी 'मेलन फार्मर' असं डबिंग केलं, म्हणजे कलिंगडवाला! एकदम दात ओठ खाऊन एकमेकांना कलिंगडवाला म्हणतायत, शिवीपेक्षा भारी वाटतं. (आता कुणीतरी म्हणेल की हे हार्डकोर पंक झालं, अल्टरनेटिव्ह रॉक नाही. बरोबर आहे, पण पुढचे सगळे ह्याच गल्लीतून आले, तेव्हा चालवून घ्या.)

उलटी गोष्ट पण झालीय. 'सिंगल्स' म्हणून कॅमरन क्रोचा पिक्चर आहे, सिएटलच्या पोरापोरींची प्रेमप्रकरणं, १९९१ मध्ये शूट झाला आणि स्टुडिओने लटकवून ठेवला, काय करावं त्यांना कळेना. मधल्या काळात निर्वाणा बँडचा 'नेव्हरमाइंड' अल्बम आला आणि सगळ्या जगाला सिएटल कुठंय ते कळलं, मग लगबगीने १९९२ मध्ये आधी साउंडट्रॅक काढला, दोनेक महिन्यांनी पिक्चर. खरं सांगू, पिक्चर ठीकठाक आहे, रविवारी दुपारी कपडे इस्त्री करता करता बघण्यासारखा. पण साउंडट्रॅक! पर्ल जॅम, साउंडगार्डन, ॲलिस इन चेन्स, मडहनी, एका ताटात सगळं. आणि त्यातली ही गोष्ट मला फार आवडते: पिक्चरमध्ये मॅट डिलन एका टुकार बँडचा गायक आहे, त्याची एक कॅसेट दाखवायची होती, तर पर्ल जॅमच्या जेफ अमेंटने त्या कॅसेटवर गाण्यांची खोटी खोटी नावं लिहून दिली. ती यादी साउंडगार्डनच्या क्रिस कॉर्नेलने बघितली आणि त्या पठ्ठ्याने त्या खोट्या नावांवर खरी गाणी करून आणली. त्यातलंच एक म्हणजे 'स्पूनमॅन', जे पुढं १९९४ ला साउंडगार्डनच्या 'सुपरअननोन'मध्ये गेलं आणि ग्रॅमी घेऊन आलं. पडद्यावर दाखवायच्या कॅसेटसाठी लिहिलेली यादी होती हो ती!

पण पिक्चर आणि गाणं ह्यांची गाठ कुणी पक्की मारली असेल तर पिक्सीजने. १९८६ साली बॉस्टनला सुरू झालेला बँड. बेस वाजवायला कुणीतरी हवं म्हणून जाहिरात दिली की हुस्कर डू पण आवडणारं आणि पीटर, पॉल अँड मेरी पण आवडणारं कुणी असेल तर या, म्हणजे एकीकडे कानठळ्या आणि दुसरीकडे गोड गोड लोकगीतं, ह्या जाहिरातीला एकुलती एक किम डील आली. १९८८ चा 'सर्फर रोझा' अल्बम स्टीव्ह अल्बिनीने रेकॉर्ड केला. हा अल्बिनी म्हणजे विक्षिप्त पण तत्त्वाचा माणूस, रेकॉर्डच्या विक्रीतली रॉयल्टी घ्यायचाच नाही, म्हणायचा गवंड्याला मजुरी द्या तशी मला द्या, घर तुमचं. (शब्द माझे आहेत हं, पण मुद्दा त्याचाच.) पुढं निर्वाणाचा 'इन युटेरो' पण त्यानेच केला, २०२४ मध्ये गेला बिचारा. तर 'व्हेअर इज माय माइंड' ह्या गाण्यात मागे किम डीलचा जो ऊऊऊ असा लांब, घुमणारा आवाज येतो ना, तो काही मशीनचा इफेक्ट नाहीय, तिला स्टुडिओच्या बाथरूममध्ये उभं करून रेकॉर्ड केलंय. फरशीचा घुमारा तो. हेडफोन लावून ऐका, बाकी बँड तुमच्या नाकासमोर वाजतोय आणि ती कुठंतरी पॅसेजच्या टोकाला आहे असं वाटतं. स्वस्तातली युक्ती, पण त्यामुळेच ते गाणं मला अजून भुतासारखं धरून बसलंय.

आणि ही मंडळी पिक्चरवेडी होती बरं का. डेव्हिड लिंचचा 'इरेझरहेड', जो बनवायला त्याला पाचेक वर्षं लागली आणि जो १९७७ ला आल्यावर त्याच बॅरेनहोल्ट्झने मध्यरात्री लावून लावून जगवला, त्यात रेडिएटरमध्ये राहणारी गालफुगी बाई एक गाणं म्हणते, ते पिक्सीज आपल्या कार्यक्रमात वाजवायचे. १९८९ च्या 'डूलिटल'चं पहिलंच गाणं 'डीबेसर', ते तर सरळ लुई बुन्युएल आणि साल्वादोर दालीच्या १९२९ च्या 'अँ शिएन आंदालू'वर, डोळा कापायच्या त्या सीनवर. (डोळा मेलेल्या वासराचा होता, पण बघताना हे आठवून काही उपयोग होत नाही.) बुन्युएलने आत्मचरित्रात लिहिलंय की पॅरिसमधल्या पहिल्या खेळाला तो पडद्यामागे ग्रामोफोन घेऊन बसला होता, एकदा वाग्नर, एकदा अर्जेंटिनाचे टँगो असं आलटून पालटून लावत, आणि खिशात दगड ठेवले होते, प्रेक्षक अंगावर आले तर मारायला. साठ वर्षांनी त्याच डोळ्यावर बॉस्टनची चार पोरं बोंबलत होती आणि अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांना त्या नादात बुन्युएल कोण ते कळत होतं, ह्याला म्हणतात प्रसार!

मग १९९३ ला बँड फुटला. बँडच्या म्होरक्याने रेडिओवरच्या मुलाखतीत जाहीर करून टाकलं आणि किम डीलला फॅक्सने कळवलं म्हणे, काय बोलणार आता. पुढं १९९४ ला निर्वाणाच्या कर्ट कोबेनने उघड सांगून टाकलं की 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' करताना मी पिक्सीजचीच नक्कल मारत होतो, हळू मग एकदम जोरात, मग परत हळू. पण सामान्य माणसाला पिक्सीज माहीत नव्हते. १९९९ ला 'फाइट क्लब' आला, डेव्हिड फिंचरचा, सहा कोटी डॉलरच्या वर खर्च आणि अमेरिकेतल्या थेटरांत चार कोटी पण जमले नाहीत. मग डीव्हीडी निघाली आणि जो काही खपला! आणि शेवटच्या मिनिटाला, काय होतं ते सांगत नाही, पण नेमकं तिथं ते बाथरूमवालं गाणं सुरू होतं. जगभर हॉस्टेलच्या खोल्यांत, कॉप्या करून करून पुसट झालेल्या सीडींवर, लाखो पोरांनी पिक्सीज पहिल्यांदा ऐकले ते असे, मी पण त्यातलीच. २००४ ला ते पुन्हा एकत्र आले तेव्हा समोर नाचणाऱ्यांत पिक्चरमधून आलेले किती असतील विचार करा. 'फाइट क्लब'बद्दल मात्र माझी एक खंत आहे, टायलर डर्डन हे त्यातलं पात्र म्हणजे चेष्टा आहे हे अर्ध्या पोरांना कळलंच नाही, त्यांनी भिंतीवर पोस्टर लावलं आणि शर्ट काढून फोटो काढले. गाणं ऐकून तरी कळायला हवं होतं, त्यात एक माणूस डोकं कुठं गेलं म्हणून शोधतोय.

आपल्याकडे काय? आपल्याकडे 'ओम दर-ब-दर' आहे. कमल स्वरूप, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा माणूस, एनएफडीसीचे, म्हणजे सरकारी फिल्म महामंडळाचे पैसे, १९८८. अजमेरचा एक पोरगा जो श्वास खूप वेळ रोखू शकतो, बेडूक, हिरे, ज्योतिषी बाप, सायकल, आणि संवाद असे की वर्तमानपत्राची कात्रणं पिशवीत घालून हलवलीयत. पंचवीसेक वर्षं तो व्हीएचएसवरून डीव्हीडीवर, तिथून पेन ड्राइव्हवर असा हातोहात फिरला आणि थेटरात लागला केव्हा, तर जानेवारी २०१४ मध्ये! मला समजला का म्हणाल तर नाही, पण हसून हसून पुरेवाट झाली आणि समजायलाच पाहिजे असं तिथं कुणी म्हणत पण नाही. (ह्याच स्वरूपने नंतर वर्षानुवर्षं दादासाहेब फाळक्यांच्या मागे घालवली, तो विषय वेगळा, एकदा त्यावर बोलू.) रॉकचं म्हणाल तर मुंबईत धोबीतलावला रंगभवन होतं, उघड्यावरचं, तिथं इंडिपेंडन्स रॉक नावाचा रॉक महोत्सव व्हायचा, पावसाळ्यात, चिखलात, काळे टीशर्ट घालून पोरं लोकलने कल्याण-विरारहून यायची. आजूबाजूला हॉस्पिटल, कॉलेज, शांतता क्षेत्र, त्यामुळे आवाजाच्या नियमात ते बंद झालं. हॉस्पिटलातल्या पेशंटांची बाजू मला पटते, तरी त्या जागेचं वाईट वाटतं ते वाटतंच. दोन्ही गोष्टी एकाच माणसाला वाटू शकतात ना?

वेळ संपत आलीय, प्रोड्यूसर काचेपलीकडून हात दाखवतायत, तरी 'डॉनी डार्को' राहिला तर मला झोप लागायची नाही. २००१, रिचर्ड केलीचा पहिला पिक्चर, गोष्ट अठ्ठावीस दिवसांची आणि शूटिंग पण अठ्ठावीस दिवसांत. सुरुवातीलाच विमानाचं इंजिन आकाशातून घरावर पडतं, आणि रिलीज कधी, तर २६ ऑक्टोबर २००१ ला, न्यूयॉर्कचे टॉवर पडून दीड महिना झालेला. कोण बघणार होतं? ४५ लाख डॉलरचा पिक्चर, अमेरिकेत तेव्हा कसेबसे पाच लाख मिळाले. मग पुन्हा तीच गोष्ट, मध्यरात्रीचे शो, डीव्हीडी, आणि इंग्लंडमधली पोरं. शेवटी टिअर्स फॉर फिअर्सचं १९८२ चं 'मॅड वर्ल्ड' आहे, मूळ गाणं नाचायला बरं होतं, मायकल अँड्र्यूज आणि गॅरी ज्यूल्सने ते पियानोवर इतकं हळू करून टाकलं की नाचणारा खाली बसेल, आणि हे रडकं गाणं २००३ च्या नाताळात इंग्लंडमध्ये चक्क पहिल्या नंबरावर!

आता ऐका, कामाचं सांगते. ह्या पिक्चरचे दोन अवतार फिरतायत. २००४ ला केलीने डायरेक्टर्स कट काढला, त्यात पुस्तकाची पानं दाखवून दाखवून सगळं समजावून सांगितलंय, आणि समजावल्यामुळेच मजा गेलीय असं माझं ठाम मत आहे, दिग्दर्शकाचं असलं तरी. तेव्हा थेटरमधलाच बघा. ओळखायचं कसं, तर अगदी सुरुवातीला डॉनी डोंगरातल्या रस्त्यावर झोपेतून उठतो आणि सायकलवरून घरी येतो. तिथं एको अँड द बनीमेनचं 'द किलिंग मून' लागलं तर पाय वर घेऊन निवांत बसा. आयएनएक्सएस बँडचं गाणं लागलं तर बंद करा आणि दुसरी कॉपी शोधा. चला, जाहिरातींनंतर ते बाथरूमवालं गाणं लावतेय, हेडफोन असतील तर शोधून ठेवा.